गावच्या घरातले बिनभाड्याचे भाडेकरू

कोकणातलं गावचं घर वर्षातून दोनदा उघडतं. एकदा मे महिन्यात मुलांच्या सुट्टीला, आणि एकदा गणपतीला. मधले महिने दाराला कुलूप. कराड, सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीत संसार करणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणींच्या सासरचं असं एक चिरेबंदी, कौलारू घर असतंच. पडवी ओलांडून माजघरात पाऊल टाकलं की सगळ्यात आधी स्वागत करतो तो वास! मग दिसतात कुरतडलेल्या गाद्या, फडताळात काळ्या लेंड्या आणि माळ्यावरून खाली आलेला कापसाचा आणि कागदाचा चुरा. आपण नसताना इथे कुणाचा तरी संसार अगदी सुखानं चालला होता, हे कळायला वेळ लागत नाही.

पुढचं चित्र ठरलेलं. पुरुषमंडळी बाजारात मासे बघायला, मुलं आंब्याखाली, आणि बायका पदर खोचून, झाडू घेऊन माळ्यावर. मैत्रिणींनो, तो झाडू आधी खाली ठेवा. सुट्टीचे चार दिवस नीट जावेत असं वाटत असेल, तर आत शिरल्यावरचा पहिला तासच महत्त्वाचा असतो.

पहिला तास

घरात शिरल्याबरोबर दिवा लावायची घाई करू नका. देवापुढची समई नको आणि विजेचं बटणही नको. आधी दारं-खिडक्या सताड उघडा आणि स्वयंपाकघरात गॅसचा वास येतोय का ते बघा. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवायला त्याला सतत काहीतरी कुरतडावं लागतं, आणि शेगडीची रबरी नळी त्याला फार आवडते. नळीवर दाताच्या खुणा दिसल्या तर ती वाकवून बघत बसू नका, सरळ बदला. फ्रिज, मिक्सर, पंप यांच्या वायरीही तपासल्याशिवाय चालू करू नका.

घर निदान अर्धा तास हवेशीर होऊ द्या. त्यानंतर सफाई, पण ओली! कोरड्या झाडूनं लेंड्या झाडल्या की त्यातली धूळ थेट आपल्या नाकातोंडात जाते. हातात रबरी मोजे, नाकावर मास्क किंवा रुमाल. एक भाग ब्लीचचं द्रावण आणि दहा भाग पाणी असं मिश्रण लेंड्यांवर नि मुताच्या डागांवर शिंपडायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि जुन्या फडक्यानं पुसून ते फडकं टाकून द्यायचं. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं अ‍ॅसिड मात्र कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. भांडी साबणानं धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून मगच वापरा.

एवढं कशाला, असं वाटेल. कारण लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस! याचे जंतू उंदरांच्या मुतातून पाण्यात आणि चिखलात जातात आणि आपल्या अंगावरच्या जखमेतून, पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर लेप्टोनं केवढा हाहाकार केला, ते अनेकींना आठवत असेल. कोकणात भातशेती आणि भरपूर पाऊस, त्यामुळे गणपतीच्या दिवसांत हा धोका जास्त. गावाहून परतल्यावर पंधरा-वीस दिवसांत सडकून ताप आला, डोकं दुखलं, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना "आम्ही गावाला उंदीर असलेलं घर साफ केलं होतं" हे आठवणीनं सांगा. वेळेत औषध मिळालं तर हा आजार बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतावर जातो. विहिरीत मेलेला उंदीर सापडला तर ते पाणी पिऊ नका. ग्रामपंचायतीच्या माणसाला बोलावून टीसीएल पावडर टाकून घ्या.

कोण राहतंय?

सगळेच उंदीर सारखे नसतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या दिसल्या तर ती छोटी घरउंदरं. त्याहून मोठ्या, माळ्यावर नि वाश्यांवर असतील तर मोठा काळा उंदीर. हा झाडावर सरसर चढतो आणि फणसाच्या फांदीवरून सहज कौलांवर उतरतो. परसात, मोरीपाशी मातीचे ढिगारे आणि मोठं बीळ असेल तर ती घूस. ती पायाच उकरते.

आणि लांब सोंडेसारखं तोंड, बारीक डोळे, उग्र वास, भिंतीकडेनं चिकचिक करत पळणारी? ती चिचुंदरी. ती उंदराच्या जातीची नव्हेच. ती झुरळं नि किडे खाते. तिला दार उघडून वाट करून द्या.

उंदीर आहेत की जुन्याच खुणा आहेत, हे कळायला एक सोपी युक्ती आहे. रात्री झोपताना भिंतीच्या कडेनं रांगोळीचा अगदी पातळ थर पसरा. सकाळी पावलांवरून पाहुणे किती नि कुठून येतात ते कळतं.

मारून संपत का नाहीत?

"आम्ही दर वर्षी पिंजरे लावतो, तरी आहेतच!" ही तक्रार घरोघरी ऐकू येते. त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे मोठा उंदीर अतिशय संशयी असतो. वाटेत नवी वस्तू दिसली की कित्येक दिवस तो तिच्याजवळही फिरकत नाही. आपण चार दिवसांसाठी येणार, पिंजरा लावणार, आणि त्याचा विश्वास बसेपर्यंत आपली परतीची एसटी निघणार! पिंजरा लावायचाच तर पहिले दोन-तीन दिवस दार अडकवून उघडाच ठेवा, आत खोबऱ्याचा भाजलेला तुकडा ठेवा. त्याला चटक लागली की मग सापळा लावा. जागा भिंतीला लागून हवी, खोलीच्या मध्ये नाही. चिकट पुठ्ठ्यात मात्र तो जिवंतपणी तासन् तास तडफडतो आणि भीतीनं मुततो, म्हणजे घाण आणखी वाढते. तो नकोच.

दुसरं कारण म्हणजे हिशोब. घरउंदरीण साधारण तीन आठवड्यांत विते आणि तिची पिल्लं दीड महिन्यात वयात येतात. मे अखेरीस एक जोडी आत राहिली आणि खायला मिळालं, तर गणपतीत तुम्ही दार उघडता तेव्हा आत आजी-आजोबा नातवंडांसकट बसलेले असतात. दोन पिंजऱ्यांनी हे कुटुंब कसं संपणार?

विष पेरून कुलूप लावू नका

निघायच्या दिवशी कोपऱ्याकोपऱ्यात विषाच्या गोळ्या टाकून दार ओढून घ्यायचं, ही पद्धत फार रूढ आहे. सोपी वाटते, पण सगळ्यात वाईट हीच. उंदीर माळ्यावर, भिंतीच्या पोकळीत मरतो आणि कुजतो. काही विषांनी तो लगेच मरत नाही, गुंगून बाहेर येतो. मग त्याला शेजाऱ्यांची मांजर खाते, गव्हाणी घुबड खातं. म्हणजे रात्रभर फुकटात उंदीर मारणारे आपले राखणदार आपणच मारतो.

आणि पुढच्या सुट्टीत? तीच गोळी पलंगाखाली पडलेली असते आणि रांगतं बाळ तिथे पोचतं. उंदरांच्या औषधांपैकी झिंक फॉस्फाईड आणि पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यांच्यावर उतारा नाही. रक्त पातळ करणाऱ्या विषावर 'के' जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण त्याची लक्षणं दोन-तीन दिवसांनी दिसतात. त्यामुळे "मूल तर खेळतंय, काही नाही झालं" असं म्हणून थांबू नका. मिठाचं पाणी पाजून ओकाऱ्या काढू नका. विषाचं पाकीट बरोबर घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

उंदरांच्या मागोमाग आणखी एक पाहुणा येतो, तो म्हणजे साप. धामण बिनविषारी असते, पण उंदरांच्या वासानं नाग नि घोणसही येतात. तेव्हा बॅटरीचा उजेड टाकल्याशिवाय लाकडांच्या ढिगात, माळ्यावर, मडक्यांमागे हात घालायचा नाही, हे मुलांनाही बजावा.

खरं काम निघायच्या दिवशी

उंदरांचा बंदोबस्त घर उघडताना होत नाही, घर बंद करताना होतो! सुट्टीचा शेवटचा अर्धा दिवस यासाठी राखून ठेवला, तर पुढच्या सुट्टीचे दोन दिवस वाचतात.

उंदराला आत यायला भोक, राहायला ऊब आणि खायला दाणे लागतात. मोठ्या उंदरालाही रात्रीला १५ ते २५ ग्रॅम खाणं पुरतं. म्हणजे डब्यात राहिलेले मूठभर शेंगदाणे ही त्याची दोन-तीन दिवसांची सोय. घरउंदराला शिसपेन्सिल जाईल एवढं भोक पुरतं, मोठ्याला अर्ध्या इंचाचं. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवा. पाईपांभोवतीच्या फटीत भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी दाबून बसवा आणि वरून सिमेंट लावा. ती त्याला कुरतडता येत नाही आणि दमट हवेत लवकर गंजतही नाही. दारांच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोका.

कौलारू छप्पर पूर्ण बंद करणं कुणालाच जमत नाही. तिथे हट्ट धरू नका. त्याऐवजी एक खोली किंवा एक लोखंडी कपाट पक्कं करा आणि गोधड्या, चादरी, देवाची वस्त्रं, कागदपत्रं सगळं त्यात किंवा पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा. प्लॅस्टिकचे डबे उंदीर सहज फोडतो. घरावर आलेल्या फांद्या छाटून घ्या. माडाच्या खोडाला पत्र्याचा गुळगुळीत पट्टा गुंडाळला की त्यावरून उंदराला वर चढता येत नाही. नारळही वाचतात, घरही वाचतं.

कुलपाची दुसरी किल्ली

सगळं केलं तरी चार महिने अंधारात असलेलं घर उंदरांना आवडतंच. घर मधूनमधून उघडलं, हवा खेळली, माणसाचा वावर झाला, की शिरकाव लवकर लक्षात येतो. हे काम करते ती शेजारची काकू किंवा वहिनी, जिच्याकडे आपली दुसरी किल्ली असते. तिच्या जिवावर आपण निर्धास्त असतो आणि दिवाळीला एक साडी दिली की सुटलो असं समजतो. महिन्यातून दोनदा घर उघडणं, केर काढणं, फोन करून कळवणं हे कष्टाचं काम आहे. त्याचे पैसे ठरवा आणि दर महिन्याला द्या. उंदरांनी नासवलेल्या गाद्यांपेक्षा ते नक्कीच स्वस्त पडतं.

आणि घरच्यांशीही एकदा बोला. सुट्टी सगळ्यांची, तर माळाही सगळ्यांचा. फटी बुजवणं, फांद्या तोडणं, जाळ्या ठोकणं ही कामं नवरा, दीर आणि मोठी मुलं यांना वाटून द्या. मासे आणायला एक जण पुरतो!

निघण्यापूर्वी एवढं बघा

- गॅसचा रेग्युलेटर काढला, नळी गुंडाळून डब्यात ठेवली.
- मेन स्विच बंद, फ्रिज रिकामा, कोरडा, दार किंचित उघडं.
- धान्य, पीठ, साबण, मेणबत्त्या घरात उरलेल्या नाहीत. (हो, साबण आणि मेणबत्त्याही उंदीर खातो!)
- पाण्याची टाकी आणि माठ झाकलेले.
- अंगणातले पडलेले आंबे, फणसाचे गरे, काजू उचलले.
- मोरीची जाळी जागेवर.
- किल्ली आणि या महिन्याचे पैसे शेजारी दिले.

गणपतीत मूषक बाप्पाच्या पायाशी, मखरातच शोभतो. माळ्यावरच्याची सोय मे महिन्यातच लावून ठेवलेली बरी!