घरच्या कारखान्याचें रंधायंत्र

वखारींतून आणलेलें लांकूड सरळच असतें, ही समजूत ज्यानें एकदां स्वतःच्या हातानें मेज करून पाहिलें त्याची लवकरच नाहींशी होते. सागाची नवी फळी टोंकाकडून डोळ्याशीं धरून पाहिली, तर तींत कोठें बाक आढळतो, कोठें पन्हळीसारखा खोलगटपणा, तर कोठें पीळ. यांपैकीं पीळ सर्वांत लबाड. पिळलेल्या फळीचे दोन कोपरे ओट्यावर टेकतात, दोन अधांतरीं राहतात. आणि अशा फळ्यांचें दार केलें तर तें चौकटींत कधींच नीट बसत नाहीं.

हा वांकडेपणा काढण्याचें काम पूर्वापार लांब रंध्याचें. आंखूड रंधा फळीच्या उंचसखल भागांवरून होडीसारखा वरखालीं होत जातो. लांब रंधा मात्र उंचवट्यांवर टेकून चालतो, खळग्यापर्यंत त्याचें पातें पोंचतच नाहीं, आणि म्हणूनच फळी सपाट होते. स्टॅन्लेचा सातव्या क्रमांकाचा रंधा २२ इंच लांब असतो, तो याच कारणानें. जॉइंटर म्हणजे हाच रंधा उलटा ठेवून त्याच्या पात्याला वीज जोडलेली, असें समजण्यास हरकत नाहीं. येथें रंधा स्थिर आणि फळी चालती. यंत्राला एकापुढें एक असे दोन पाट असतात व त्यांच्या मध्यें पात्यांचा रूळ गरगर फिरतो. फळी ज्या पाटावर बाहेर पडते तो पात्याच्या माथ्याशीं तंतोतंत समपातळींत ठेवावयाचा. अलीकडचा पाट मात्र जेवढें लांकूड काढावयाचें तेवढाच, म्हणजे अर्धा ते दीड मिलिमीटर, खालीं उतरवावयाचा. मग तासलेला भागच पुढच्या भागाचा आधार होतो.

थिकनेस प्लेनर घेतला म्हणजे जॉइंटर नको, असें पुष्कळांना वाटतें. तें बरोबर नाहीं. त्या यंत्रांतील रूळ फळीला दाबून तात्पुरती सपाट करतात, पातें सारखी जाडी काढतें, आणि फळी बाहेर पडतांच पूर्ववत् पिळते. जाडी सारखी, पण पीळ कायम! फळीखालीं सपाट तक्ता घालून व फटींत पाचरी देऊन ही अडचण टाळतां येते खरी. पण रोजच्या कामांत तो खटाटोप नकोसा होतो.

आतां आकाराचा प्रश्न. दहा-बारा फुटांच्या खोलींत बसेल असें लहान जॉइंटर बहुधा ६ इंच रुंदीचें असतें. घेणारा रुंदीकडे पाहतो. त्यानें आधीं लांबीकडे पाहावें. मेजावर ठेवण्याच्या यंत्रांत दोन्ही पाट मिळून सुमारें ३० इंच भरतात, तर स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या ६ इंची यंत्रांत चार फुटांच्या आसपास. पाटांच्या एकंदर लांबीच्या दीडपट, फार तर दुप्पट लांबीची फळी त्यावर बरी सरळ होते. म्हणजे स्टूल, खण, पेट्या, पुस्तकांचीं लहान कपाटें करणाराला लहान यंत्र पुरे. दाराचे सात फुटी उभे करणाऱ्यानें त्याच्या वाटेस जाऊं नये.

विकत घेण्यापूर्वीं पोलादाची सरळ पट्टी दोन्ही पाटांवर आडवी-तिरपी ठेवून खालून उजेड दिसतो कां तें पाहावें. पाट एकमेकांना समांतर नसतील, तर मोटार कितीहि जोरदार असो, तें यंत्र निरुपयोगी. बाजूची आडपट्टी गुण्या लावून तपासावी. ती केसभर कलली तरी फळ्या जोडतांना एक युक्ति कामीं येते : एका फळीची दर्शनी बाजू आडपट्टीकडे व दुसरीची उलट बाजू तिच्याकडे करून कडा तासाव्या. एकीचा कमी कोन दुसरीच्या जास्त कोनानें भरून निघतो, आणि सांधा सपाट येतो.

मोटारीविषयीं शेजाऱ्यांचाहि विचार करावा. लहान यंत्रांत बहुधा स्वयंपाकघरांतल्या मिक्सरच्या जातीची, कार्बन ब्रशांची मोटार असते. ती हलकी, पण तिचा आवाज कर्कश. इंडक्शन मोटार जड, पण शांत. अमेरिकेहून आप्तांनीं आणलेल्या इंडक्शनच्या यंत्राविषयीं एक सावधगिरी हवी. ट्रान्स्फॉर्मर दाब बदलतो, वारंवारता बदलत नाहीं. ६० हर्ट्झसाठीं केलेली ती मोटार आपल्या ५० हर्ट्झवर सुमारें एकषष्ठांश मंद फिरते व तापते.

पातीं दोन प्रकारचीं. सरळ पोलादी पातीं स्वस्त व घरीं धार लावण्याजोगीं; पण तीं सर्व एकाच उंचीवर बसविणें हें चिकाटीचें काम आहे. दुसऱ्या प्रकारांत रुळावर कार्बाइडचे लहान चौकोनी तुकडे मळसूत्री ओळींत बसवितात. एक धार बोथट झाली कीं तुकडा फिरवून दुसरी पुढें आणावयाची, अशा चार धारा. सागांत वाळूचा अंश असल्यामुळें साधें पोलाद त्यावर लवकर बोथटतें. ज्याचें काम मुख्यतः सागाचें, त्यानें या रुळासाठीं जास्त पैसे मोजावेत.

तथापि पैसे कोठें वांचवूं नयेत, तें बोटांच्या बाबतींत. पूर्वीं हा रूळ चौकोनी असे; त्याच्या व पाटाच्या मध्यें मोठी फट राही, आणि घसरलेला हात खोल ओढला जाई. ब्रिटनमध्यें १९२२ सालच्या नियमांनीं, हातानें फळी सरकवावयाच्या यंत्रांवर गोल रूळच हवा असें ठरविलें. जुन्या बाजारांत चौकोनी रुळाचें यंत्र मिळालें तर तें फुकटहि घेऊं नये. नव्या यंत्राचें पात्यावरचें झांकण आपोआप परत येतें कीं नाहीं तें दुकानांतच पाहावें, आणि घरीं आल्यावर तें अडचण म्हणून काढून ठेवूं नये. फुटापेक्षां आंखूड तुकडा यंत्रावर घालूंच नये. त्याला हातरंधा आहे. फळीची रुंद बाजू तासतांना ती दाबण्यास मुठीचे ठोकळे वापरावे, उघडा तळहात पात्यावरून कधीं नेऊं नये. हलकें यंत्र ओट्याला बोल्टांनीं आवळावें, कारण सरकणाऱ्या यंत्राबरोबर हातहि सरकतो. पाट बिडाचे असतील तर पावसाळ्यांत त्यांवर मेणाचा पातळ हात फिरवून ठेवावा.