रोजच्या रस्त्यावरची आरएक्स शंभर

जपानी तंत्राची छोटी, चपळ मोटारसायकल भारतीय रस्त्यांवर आली ती १९८० च्या दशकाच्या मध्यावर. परदेशी कंपन्यांच्या सहकार्याने शंभर सीसीपर्यंतच्या दुचाकी बनवण्याची वाट सरकारने मोकळी केली आणि अवघ्या काही वर्षांत सुझुकी, होंडा, यामाहा व कावासाकी या चारही कंपन्या कोणत्या ना कोणत्या भारतीय उद्योगाचा हात धरून येथे दाखल झाल्या. होंडाच्या फोर-स्ट्रोक गाडीने पेट्रोल वाचवून बाजार जिंकला. वेगाची हौस असणाऱ्यांना मात्र भुरळ घातली ती एस्कॉर्ट्सने १९८५ मध्ये आणलेल्या यामाहा आरएक्स १०० ने. तिचे उत्पादन १९९६ मध्येच थांबले, तरी नवी मुंबईत तिच्यावरून कामाला जाणारे अजून आढळतात.

आजच्या अर्थाने ती स्पोर्ट्स बाइक नव्हे, कारण तिला ना वारा कापणारे आवरण, ना डिस्क ब्रेक, ना सहा गिअर. तिचे सामर्थ्य साध्या गणितात आहे: ९८ सीसीचे इंजिन, सुमारे ११ अश्वशक्ती आणि शंभर किलोच्या आसपास वजन. एवढ्याशा इंजिनातून एवढी शक्ती निघते याचे कारण टू-स्ट्रोक रचना. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या चार फेऱ्यांमागे, म्हणजे क्रँकच्या दोन आवर्तनांमागे, एकदा इंधन पेटते. टू-स्ट्रोकमध्ये ते प्रत्येक आवर्तनात पेटते. शिवाय व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट असा पसारा नसल्याने इंजिन हलके राहते आणि सिग्नल सुटताच गाडीला जो ‘पिकअप’ मिळतो, त्यातच तिची सारी कीर्ती सामावलेली आहे.

याच रचनेने तिचा घातही केला. जळालेला वायू बाहेर ढकलण्याचे काम नव्याने आत येणारे मिश्रणच करते, त्यामुळे त्यातला काही भाग न जळताच सायलेन्सरवाटे निसटतो. त्यात भर म्हणजे इंजिनाच्या वंगणासाठीचे तेल पेट्रोलबरोबरच जळत असते. निळसर धूर, घसरलेले ॲव्हरेज आणि हवेत जाणारे हायड्रोकार्बन हे तिघे एकाच कारणाची अपत्ये होत. १९९६ आणि २००० मध्ये प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसतशी टू-स्ट्रोक मोटारसायकल बाजारातून मागे हटली, आणि तिच्याविषयीचा सारा हळवेपणा मान्य करूनही हा निर्णय योग्यच होता असे म्हणावे लागते.

करावे हे नवी मुंबईतील नेरूळ आणि बेलापूर यांच्या दरम्यानचे आगरी-कोळी वस्तीचे जुने गाव, आणि अशा गाडीचे गुणदोष तेथे दोन्ही बाजूंनी उघडे पडतात. गावठाणाच्या अरुंद गल्ल्यांतून वळताना, स्टेशनाबाहेरच्या गर्दीत जागा शोधताना किंवा तुर्भे-महापेच्या औद्योगिक पट्ट्याकडे जाणाऱ्या वाहतुकीतून वाट काढताना हलकी गाडी सुखाची ठरते. पाम बीच मार्गावर मात्र तिचे वय दिसते. मोकळा, सरळ रस्ता वेगाला बोलावतो, पण पुढचा आणि मागचा दोन्ही ब्रेक ड्रमचे, टायर अरुंद, आणि आजूबाजूच्या मोटारी तिच्याहून कितीतरी लवकर थांबणाऱ्या, अशा स्थितीत पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर राखणे हाच शहाणपणा होय. मुंबईत नोकरी असणाऱ्याला बहुधा वाशीच्या खाडीपुलावरूनच जावे लागते, कारण जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर मोटारसायकलींना प्रवेश नाही.

खाडीची हवा हा करावेतील मालकाचा खरा शत्रू. टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या परिसरातील पाणथळ फ्लेमिंगोंना मानवते. क्रोमचा मुलामा, स्पोक आणि सायलेन्सर यांना तीच खारी, दमट हवा गंजवते. त्याहून फसवा असतो टाकीच्या आतला गंज. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत बाष्प साचते, गंजाची पापुद्री सुटते आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे इंधन मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रात, जाऊन बसते. मग गाडी भर रस्त्यात गचके देऊ लागते आणि दोष बिचाऱ्या प्लगवर येतो. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने ही अडचण वाढवली आहे, कारण इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व सील यांना ते सोसत नाही. टाकी शक्यतो भरलेली ठेवणे, नळ्या नव्या बसवणे आणि सायलेन्सरमधला कार्बन वेळोवेळी साफ करून घेणे, एवढ्याने निम्मी दुखणी टळतात. तेलात कंजुषी केली तर मात्र पिस्टन सिलिंडरला चिकटतो, ज्याला गॅरेजात ‘इंजिन सीझ झाले’ म्हणतात, आणि मग बोअर करून नवा पिस्टन घालण्यावाचून गत्यंतर नसते.

कागदपत्रांची बाजू यंत्राइतकीच नाजूक आहे. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओच्या तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. पीयूसी चाचणीत मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडसाठी साडेचार टक्क्यांची सवलतीची मर्यादा आहे, आणि नीट जुळवलेले इंजिन तिच्या आत राहू शकते. व्हिंटेज वाहनांसाठी केंद्राने २०२१ मध्ये केलेल्या नियमांचा येथे उपयोग नाही, कारण त्यांना ५० वर्षांचे वय लागते आणि तशी नोंद झालेले वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

जुन्या आरएक्सला आज हौशी गिऱ्हाईक मिळते, त्यामुळे भाव चढे असतात. सुरुवातीच्या, जपानहून आलेल्या सुट्या भागांतून जुळवलेल्या गाड्यांना तर विशेष मागणी असते, आणि जेथे मागणी तेथे बनवाबनवीही आलीच. कर्कश सायलेन्सर लावून तिला ‘स्पोर्ट्स’ बनवण्याची हौस कायद्यालाही मान्य नाही आणि शेजाऱ्यांनाही. रोजच्या प्रवासासाठी ती घेऊ इच्छिणाऱ्याने रंग आणि आवाज यांना भुलण्याआधी इंजिन व चासीवरील क्रमांक आरसी पुस्तकाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावेत, नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे याची खात्री करावी, आणि तोवर बयाण्याचा एक रुपयाही देऊ नये.