मंगळ खरंच चंद्राएवढा दिसतो का? मेसेज पुढे पाठवण्याआधी घातांक बघा

‘२७ ऑगस्टला आकाशात दोन चंद्र दिसणार, मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा होणार’ हा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर अधूनमधून येतच असतो. पोरं गच्चीवर जागतात आणि काही दिसलं नाही की पावसाळी ढगांना बोल लावून झोपतात. दोष ढगांचा नाही. हा मेसेज तपासायला दुर्बीणही लागत नाही, शाळेतल्या गणितातले घातांक पुरतात.

ग्रहांचे आकडे एवढे मोठे असतात की शून्यं मोजतानाच चूक होते. म्हणून शास्त्रज्ञ एक ते दहाच्या मधला एक आकडा घेतात आणि त्याला दहाच्या घाताने गुणतात. गुरूचा व्यास साधारण १,४३,००० किलोमीटर, तो १.४३ × १०^५ असा लिहितात. वर छोटा लिहायचा घातांक इथे ^ या खुणेनंतर दिला आहे. १०^५ म्हणजे आपला लाख, १०^७ म्हणजे कोटी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अशी नावं परार्धापर्यंत, म्हणजे १०^१७ पर्यंत दिली आहेत. पृथ्वीचं वस्तुमान, बोलीत वजन म्हणू, ५.९७ × १०^२४ किलो आहे. परार्धाच्याही पुढे सात घरं.

आता तुलना. इथे बहुतेकांची गफलत होते, कारण डोळा आधी सुरुवातीच्या आकड्यावर जातो. शुक्राचा व्यास १.२१ × १०^४ किलोमीटर आणि शनीचा १.२१ × १०^५. सुरुवातीचा आकडा तोच, घातांकात फक्त एकाचा फरक. पण तो एक म्हणजे दहापट! शनीच्या रुंदीत दहा शुक्र ओळीने बसतात.

मंगळाचं वजन ६.४२ × १०^२३ किलो आहे. सहा पाचापेक्षा मोठा म्हणून मंगळ पृथ्वीपेक्षा जड, असं उत्तर परीक्षेत लिहिलं तर मार्क गेले. आधी घातांक बघायचा. २४ हा २३ पेक्षा मोठा, म्हणून पृथ्वी जड, तीही नऊ पटीहून जास्त. घातांक सारखे असतील तरच सुरुवातीचे आकडे ताडायचे. युरेनस ५.११ × १०^४ आणि नेपच्यून ४.९५ × १०^४ किलोमीटर, म्हणून रुंदीला युरेनस मोठा. वजनाला मात्र उलटं आहे. युरेनस ८.६८ × १०^२५ किलो, नेपच्यून १.०२ × १०^२६ किलो. यात जड कोण, ते आता सांगायला नको.

मोबाईलवर आणखी एक घोळ होतो. मजकूर कॉपी करून पाठवला की वरचा छोटा घातांक पुष्कळदा खाली उतरतो आणि दहाचा चोविसावा घात चक्क ‘१०२४’ होऊन बसतो. पृथ्वीचं वजन मग ५.९७ गुणिले १०२४, म्हणजे नुसतं सहा टन! असा आकडा दिसला की समजावं, घातांक खाली पडला आहे.

व्यास आणि आकारमान यातही फरक आहे. दुप्पट व्यासाच्या कलिंगडात गर दुप्पट नाही, आठपट असतो. गुरू पृथ्वीच्या अकरा पट रुंद, पण त्याच्या पोटात साधारण १३०० पृथ्व्या मावतील. वजन मात्र सुमारे ३१८ पटच, कारण तो बहुतांश हायड्रोजन आणि हेलियमचा बनलेला आहे.

आता त्या मेसेजकडे येऊ. मंगळाचा व्यास ६.७९ × १०^३ किलोमीटर, चंद्राचा ३.४७ × १०^३. घातांक सारखे, म्हणजे मंगळ चंद्राच्या जवळपास दुप्पट. इथपर्यंत मेसेजवाला खूश होईल. पण अंतर? चंद्र सरासरी ३.८४ × १०^५ किलोमीटरवर आहे. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ सुमारे साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला, तेव्हाही तो ५.५८ × १०^७ किलोमीटरवर होता. भागाकारात सुरुवातीचे आकडे भागायचे आणि घातांक वजा करायचे. ५.५८ भागिले ३.८४ म्हणजे १.४५, आणि ७ वजा ५ म्हणजे २. उत्तर १.४५ × १०^२, म्हणजे १४५ पट लांब. दुप्पट मोठी वस्तू १४५ पट लांब नेली, तर ती चंद्राच्या साधारण चौऱ्याहत्तराव्या हिश्श्याएवढी दिसणार. नुसत्या डोळ्यांना तो तांबूस ठिपकाच.

गंमत म्हणजे २००३ च्या मूळ ईमेलमध्ये ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल, असं होतं. हिशेब जुळतो. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळून पडली आणि वर्षही. मंगळ पृथ्वीजवळ येतो तो साधारण २६ महिन्यांनी, दर ऑगस्टला नाही.