इथं कुणी बसलंय का? : बिअरची जत्रा आणि शेजारचा माणूस

गेल्या तीन व्याख्यानांत आपण 'समाज' या शब्दाभोवती बरंच फिरलो. हॉब्जचा करार झाला, रूसोची सामूहिक ईहा झाली. मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर बाहेर चहा घेताना एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे. पण एकमेकांना न ओळखणारी माणसं खरोखर एकत्र आलेली तुम्ही कुठं पाहिलीत?" आम्ही पटकन बोलून गेलो, "बिअरच्या जत्रेत." ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. तेव्हा आजचं व्याख्यान त्या उत्तराची फेड समजा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दारूची भलामण करायला आम्ही उभे नाही. आमच्या सख्ख्या चुलत्यांचं घर दारूनं बसलं. जमीन गेली, मग बैल गेले, आणि शेवटी चुलतेही गेले. त्यामुळे दारू म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं गोठ्यामागचा आडोसा येतो आणि पाठ करून बसलेला एक माणूस दिसतो. हे चित्र घेऊनच आम्ही जर्मनीत गेलो होतो. पुढचं सगळं त्या चित्राशी ताडून ऐका.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही दोघं, म्हणजे आम्ही आणि आमची पत्नी, एका उन्हाळ्यात अभ्यासासाठी एर्लांगेनला होतो. बव्हेरिया राज्याचा उत्तरेकडचा भाग म्हणजे फ्रँकोनिया, त्यातलं हे लाखभर वस्तीचं गाव. इथलं विद्यापीठ 1743 सालचं. फिख्टेनं इथं शिकवलं, शेलिंगनं शिकवलं. शेजारी बांबेर्ग. हेगेलचं 'फेनोमेनॉलॉजी' 1807 साली तिथल्याच प्रकाशकानं छापलं आणि त्यानंतर हेगेल काही काळ तिथं चक्क वर्तमानपत्राचा संपादक होता. त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यानं सत्याला मद्यदेवतेच्या उत्सवाची उपमा दिली आहे, ज्यात एकही जण शुद्धीवर नसतो. बांबेर्ग बिअरसाठी प्रसिद्ध आहे, पण हेगेलनं प्रस्तावना तिथं राहायला जाण्याआधीच लिहिली होती, तेव्हा दोष बांबेर्गच्या बिअरला देता येत नाही.

तर, पेन्टेकोस्टच्या सणाला, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी, एर्लांगेनला 'बेर्गकिर्खवाय' भरते. बेर्ग म्हणजे डोंगर, किर्खवाय म्हणजे देवळाच्या, त्यांच्या चर्चच्या, प्रतिष्ठापनेचा दिवस. आपल्याकडं ग्रामदैवताची जत्रा असते, दर्ग्याचा उरूस असतो, तसंच हे. फ्रँकोनियातल्या खेड्याखेड्यांत अशी जत्रा असते. बोलीत तिला 'केर्वा' म्हणतात. प्रत्येक गावाची तारीख वेगळी. ही 'वेगळी तारीख' लक्षात ठेवा, तिच्याकडं परत यायचंय.

आता डोंगरावर बिअर कशासाठी? कारण साधं आहे. बिअर थंडाव्यात मुरावी लागते आणि बर्फाची यंत्रं नव्हती. म्हणून गावातल्या बिअरवाल्यांनी डोंगराच्या पोटात लांबच लांब तळघरं खोदली. वर सावलीला झाडं. उन्हाळ्यात लोक थेट तळघराच्या तोंडाशी येऊन प्यायला लागले, बाकडी पडली. 1755 साली गावानं आपला पेन्टेकोस्टचा बाजार या डोंगराच्या पायथ्याशी हलवला आणि दोन्ही एकत्र झालं. पुढं 1870 च्या दशकात कार्ल फॉन लिंडेनं म्युनिकमध्ये थंडाव्याचं यंत्र बनवलं आणि तळघरांचं कामच संपलं. धंद्याच्या हिशेबानं डोंगर ओसाड पडायला हवा होता. पण तोपर्यंत लोकांना बाकड्यांची सवय लागली होती. ज्या कारणासाठी एखादी गोष्ट सुरू होते ते कारण मेलं तरी ती गोष्ट जगते. इतिहासात असं फार वेळा होतं, आणि आपण उगाच मूळ कारण शोधत बसतो.

बारा दिवस ही जत्रा चालते. पहिल्या दिवशी महापौर पिंपाला तोटी ठोकतात. मंगळवारी विद्यापीठात तास नसतात. आमचे यजमान प्राध्यापक म्हणाले, आज ग्रंथालयात बसलात तर लोक तुम्हाला आजारी समजतील. गेलो.

आणि तिथं आमची फजिती झाली. आम्ही तासभर रिकामं टेबल शोधत फिरलो. आपली सवयच ती. बागेत गेलो की आपली सतरंजी वेगळी, हॉटेलात गेलो की कोपऱ्यातलं टेबल. इथं एकही टेबल रिकामं नव्हतं आणि जवळजवळ प्रत्येक टेबलावर एकदोन जागा मोकळ्या होत्या. आम्हाला हे दिसत होतं, पण कळत नव्हतं. शेवटी सत्तरीच्या एका बाईंनी जरा सरकून बाकड्यावर हाताने थापटलं. बसा म्हणून.

मग पुढचे दोन तास आम्ही पाहत होतो. जो कुणी येई तो एकच प्रश्न विचारी: इथं कुणी बसलंय का? उत्तर जवळजवळ नेहमी 'या, बसा'. टेबल अरुंद असतं, हातभर रुंदीचं. त्यामुळे समोरच्याकडं न बघण्याची सोय नाही. बाकड्याला पाठ नसते, तेव्हा रेलून अलिप्त होता येत नाही. मधला माणूस उठला की सगळ्यांना हलावं लागतं. आमच्या टेबलावर एक रंगारी होता, त्याची मुलगी, दोन विद्यार्थी, त्या बाई आणि त्यांचे यजमान. कांटनं 'मानवशास्त्रा'त लिहून ठेवलंय, की जेवायला बसणारी माणसं तीन देवतांपेक्षा कमी नसावीत आणि नऊ कलादेवींपेक्षा जास्त नसावीत. आम्ही मोजले, आठ भरलो. कांटला मात्र हे आवडलं नसतं. त्याच पुस्तकात तो म्हणतो, की वाइन पिणारी मंडळी हसरी-बोलकी होतात आणि बिअर पिणारी आपल्यातच गुंग, कित्येकदा असभ्य. शिवाय मेजवानीत वाद्यं वाजवणं हा त्याच्या मते निव्वळ अरसिकपणा.

या दोन्ही बाबतीत कांट चुकला असं आमचं मत आहे, आणि चुकला ते जागेमुळे. तो बंद खोलीतल्या, निवडून बोलावलेल्या पाहुण्यांचा विचार करत होता. तिथं संभाषण हेच काम असतं आणि संगीत त्यात अडथळा. डोंगरावर उलटं. रंगाऱ्याला आमची भाषा येत नव्हती, आमची जर्मन पुस्तकी, आणि त्याची फ्रँकोनियन बोली तर खुद्द बर्लिनच्या माणसालाही अर्धीच कळते. बोलणार काय? पण बँडवाले दर थोड्या वेळानं एक अगदी छोटं गाणं वाजवत. ते सुरू झालं की बोलणं थांबवायचं, मग उचलायचा आणि डावी-उजवीकडं, समोर, सगळ्यांच्या मगांना टेकवायचा. त्या क्षणी डोळ्यांत बघायचं, असा रिवाज. मग एक लिटरचा, दगडी, जडशीळ. बिअर नेहमीपेक्षा जरा कडक. आमच्या हिनं सफरचंदाच्या रसात सोडा घातलेला घेतला होता. तिचाही ग्लास तितक्याच इमानानं सगळ्यांनी टेकवला, कुणी 'हे काय?' म्हणालं नाही. आम्ही अर्धी बिअर, अर्धं लिंबाचं गोड पाणी असं एक मिश्रण मिळतं ते घेतलं. चुलत्यांची आठवण होती. पण पाठ करून बसलेला माणूस काही तिथं दिसेना. आजी होती, नातवंडं होती, आणि पिणाऱ्याच्या समोर कुणीतरी होतं.

गाडामर या जर्मन तत्त्वज्ञानं 1974 साली साल्झबुर्गला काही व्याख्यानं दिली, पुढं ती 'सौंदर्याची प्रस्तुतता' अशा अर्थाच्या नावानं पुस्तकरूपात आली. त्यात उत्सवावर मोठा सुंदर भाग आहे. तो म्हणतो ते आपल्या शब्दांत असं. आपल्याला वेळ दोनच तऱ्हांनी माहीत असतो. एक, रिकामा वेळ, तो कशानं तरी घालवायचा. दुसरा, गच्च वेळ, तो पुरत नाही. दोन्हींत वेळ म्हणजे एक भांडं, आणि आपण त्यात काहीतरी ओतणारे. उत्सवाचा वेळ तसा नसतो. तो स्वतःच भरलेला येतो, आणि आपल्याला थांबवतो. गाडामरला हे सांगायला बरेच परिच्छेद लागले. मराठीत एका क्रियापदात आहे: जत्रा *भरते*. आपण ती भरवतो असंही म्हणतो, पण तो समितीचा शब्द. गावातली म्हातारी माणसं विचारतात, "यंदा जत्रा कशी भरली?"

इथं एक शंका घ्यायला हवी. हे सगळं छान, पण असा एकोपा भयंकरही होऊ शकतो. 8 नोव्हेंबर 1923 च्या रात्री हिटलरनं सत्ता बळकावण्याचा पहिला प्रयत्न केला तो म्युनिकच्या एका बिअरच्या सभागृहात. तीच टेबलं, तेच मग. 1938 साली तर म्युनिकच्या प्रसिद्ध ऑक्टोबरफेस्टचं नाव बदलून त्याचा 'बृहद्जर्मन' लोकोत्सव करण्यात आला. ज्या उत्सवाची सुरुवात 1810 साली एका राजपुत्राच्या लग्नातल्या घोड्यांच्या शर्यतीनं झाली, त्याला राष्ट्राचा शिक्का मारला गेला. तेव्हा 'माणसं एकत्र आली, गाणी गायली' एवढ्यानं भागत नाही. एकत्र येऊन जमावही होतो. मग फरक कुठं?

आमचं उत्तर त्या वेगळ्या तारखेत आहे. 1786 साली ऑस्ट्रियाच्या सम्राट दुसऱ्या योसेफनं हुकूम काढला, की आपल्या मुलखातल्या सगळ्या गावांनी प्रतिष्ठापनेचा दिवस एकाच दिवशी पाळावा, ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी. माणूस सुधारक होता, बरं का. त्याला सुट्ट्या कमी करायच्या होत्या. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची, लोक खात-पीत हिंडतायत, काम कोण करणार? कागदावर बिनतोड. पण परिणाम बघा. सगळ्यांची जत्रा एकाच दिवशी, म्हणजे कुणीच कुणाकडं जाऊ शकत नाही. यजमान सगळे, पाहुणा कोणी नाही. लोकांनी काय केलं? सम्राटाची जत्रा ठेवली, आणि बऱ्याच गावांनी आपली जुनीही सोडली नाही.

जत्रेला पाहुणा लागतो. फ्रँकोनियात केर्वाला गावातली पोरं जंगलातून उंच झाड तोडून आणतात, लांब काठ्यांच्या कैच्या करून हातानं उभं करतात. मग रात्रभर त्याची राखण. कशापासून? शेजारच्या गावातली पोरं येऊन ते कापून नेतील म्हणून! चोरायला कुणी आलंच नाही तर राखणीत मजा नाही, आणि तीच पोरं दुसऱ्या दिवशी बाकड्यावर येऊन बसतात. 'बृहद्' नावाच्या उत्सवात शेजारचं गावच उरत नाही. सगळे 'आपले' होतात, आणि जो आपला नाही त्याला जागा नसते. बाकड्यावरचा तो प्रश्न तिथं कुणी विचारत नाही.

आपल्याकडच्या जत्रांचंही हेच गणित होतं. चैत्र-वैशाखात एका गावची पालखी आज, दुसऱ्याची चार दिवसांनी. लेकी माहेरी येत, पंचक्रोशीतले पैलवान फडात उतरत, दारावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडत नसत. हल्ली जत्रेचा मुख्य भाग म्हणजे स्पीकरची भिंत. तिच्यापुढं 'इथं कुणी बसलंय का' विचारलं तरी ऐकू कुणाला जाणार? आणि दारू आहेच, ती कुठं गेली नाही. महाराष्ट्रात प्यायला आजही कायद्यानं परवाना लागतो, आणि गावात लोक आडोशाला जातात. कायदा बदला असं आम्ही म्हणत नाही, त्याचे दोन्ही बाजूंचे हिशेब मोठे आहेत. पण आमचे चुलते बाकड्यावर बसून, समोर आमची आजी असताना प्याले असते तर किती प्याले असते, हा प्रश्न आम्हाला त्या डोंगरावर पहिल्यांदा पडला. उत्तर नाही. जर्मनीतही दारूनं माणसं बुडतात. ती कदाचित बाकड्यावर येत नसतील.

शेवटच्या दिवशी पुन्हा गेलो. रात्री शेवटचं पिंप वाजतगाजत पुरतात, 'लिली मार्लेन' हे जुनं गाणं सगळे म्हणतात, रुमाल हलवतात. त्या बाई पुन्हा भेटल्या. गाण्याच्या गोंगाटात त्यांनी विचारलं, "तुमच्या गावाची जत्रा कधी असते?" आमच्या हिनं आमच्याकडं पाहिलं. आम्हाला महिना आठवला, तिथी आठवेना. बावीस वर्षं गेलो नव्हतो. काहीतरी उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी गावी फोन लावला, मोठ्या वहिनींनी उचलला. आधी त्यांना वाटलं, काही वाईट बातमी आहे. मग तिथी सांगितली, चैत्र वद्य अष्टमी. म्हणाल्या, "यंदाची झाली की हो. पुढच्या वर्षी किती माणसं धरू?"