केमो चालू असताना फिरायला जावं का? एका साध्या प्रश्नाचा रिसर्च क्वेश्चन कसा होतो

पेट झाली, आता प्रपोजल लिहायचंय, पण "रिसर्च क्वेश्चन म्हणजे नेमकं काय?" असं विचारणारे बरेच जण भेटतात. व्याख्या पुस्तकात आहेच. आज एक उदाहरण घेऊ.

माझ्या आत्याचे केमोचे डोस चालू होते, तेव्हा घरात दोन पक्ष पडले होते. काका म्हणायचे, "पडून राहा, पाणीसुद्धा मी आणून देतो." आत्येबहीण म्हणायची, "आई, संध्याकाळी टेकडीपर्यंत जाऊन येऊ." आत्याने मला विचारलं, "तू एवढा पीएचडी करतोयस, तुमचं संशोधन काय म्हणतं?" माझा विषय जीवरसायनशास्त्र, व्यायामाशी संबंध शून्य. पण पेपर वाचता येतात म्हणून वाचायला बसलो.

पहिल्यांदा हाती लागतात ते निरीक्षणात्मक अभ्यास. 2005 साली जामा या जर्नलमध्ये अमेरिकेतल्या नर्सेस हेल्थ स्टडीचा एक पेपर आला. स्तनाचा कॅन्सर झालेल्या 2,987 स्त्रिया. आठवड्याला 3 ते 5 तास मध्यम गतीने चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांमध्ये सर्वांत जास्त फायदा दिसला. वाचून वाटतं, झालं की! उत्तर मिळालं.

पण नाही मिळालं. जी बाई आतून जास्त आजारी आहे, ती मुळातच कमी चालणार. म्हणजे चालल्यामुळे ती जगली, की जगण्याइतकी ठणठणीत होती म्हणून चालली? याला उलटी कारणमीमांसा म्हणतात. संख्याशास्त्राने वय, वजन, कॅन्सरची स्टेज यांचा हिशोब करता येतो, त्याने ही शंका कमी होते, पण पूर्ण जात नाही. व्हायवामध्ये हा प्रश्न हमखास येतो, लक्षात ठेवा.

मग रँडमाइज्ड ट्रायल. कोण व्यायाम करणार हे माणसाने न ठरवता नशिबाने ठरवायचं. 2007 मध्ये कॅनडातल्या केरी कोर्निया यांच्या गटाने केमो चालू असलेल्या 242 स्त्रियांवर असा ट्रायल प्रसिद्ध केला. तीन गट: एरोबिक व्यायाम, वजनं उचलण्याचा व्यायाम आणि नेहमीची काळजी. मुख्य निष्कर्ष म्हणून त्यांनी आधीच ठरवलं होतं जीवनमान, म्हणजे क्वालिटी ऑफ लाइफ. त्यात संख्याशास्त्रीय दृष्टीने ठाम फरक आला नाही. आत्मसन्मान मात्र दोन्ही व्यायाम गटांत सुधारला. आणि एक अनपेक्षित गोष्ट दिसली: ठरलेल्या केमोपैकी प्रत्यक्षात किती मिळाली याचं प्रमाण वजनं उचलणाऱ्या गटात 89.8 टक्के, तर नेहमीच्या गटात 84.1 टक्के. केमोचा डोस कमी करावा लागणं किंवा पुढे ढकलावा लागणं ही डॉक्टरांची मोठी डोकेदुखी असते, त्यामुळे हा आकडा महत्त्वाचा. पण तो ट्रायलचा मुख्य प्रश्न नव्हता. असा आकडा पुढच्या ट्रायलचं बीज असतो, त्याला पुरावा म्हणून मिरवायचं नसतं. आपल्याकडचे थिसिस इथेच घसरतात असं माझं मत आहे: जे सापडलं तेच आधीपासून शोधत होतो असं लिहून मोकळे.

खरी मोठी चाचणी म्हणजे चॅलेंज ट्रायल. 2025 च्या जूनमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे 889 रुग्ण, 55 केंद्रं, आणि भरती चालली 2009 ते 2024! (तुमच्या गाइडना सांगा, 'सॅम्पल लवकर पूर्ण करा' म्हणतात तेव्हा.) एका गटाला तीन वर्षांचा व्यायाम कार्यक्रम, दुसऱ्याला आरोग्याची माहितीपुस्तिका. आठ वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण व्यायाम गटात 90.3 टक्के, दुसऱ्या गटात 83.2. पेपरमध्ये हॅझर्ड रेशो 0.63 आहे, म्हणून बातम्यांत "मृत्यूचा धोका 37 टक्के कमी" असं येतं. दोन्ही बरोबर आहे. फक्त रुग्णाला सांगताना 100 पैकी सुमारे 7 माणसं जास्त वाचली असं सांगितलं की चित्र समजतं. स्नायू-सांध्यांच्या तक्रारीही व्यायाम गटात जास्त होत्या, 18.5 टक्के विरुद्ध 11.5. हेही सांगायचं.

आता आत्याचा प्रश्न परत बघा. चॅलेंजमधल्या लोकांची केमो संपलेली होती. तिची चालू होती, आणि कॅन्सरही वेगळा. म्हणजे एवढा सुंदर ट्रायलसुद्धा तिच्या प्रश्नाला थेट लागू नाही. चालू उपचारांसाठी आधार आहे तो लहान ट्रायल्सचा: थकवा कमी होतो, ताकद टिकते. त्यांच्या जोरावर 2022 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अॅस्कोने, बरं करण्याच्या हेतूने उपचार चालू असलेल्यांना एरोबिक आणि ताकदीचा व्यायाम सुचवावा अशी शिफारस केली. काकांचं "पडून राहा" इथे हरलं.

पण बहिणीचा पक्षही सरसकट जिंकला नाही. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात, तेव्हा रविवारच्या गर्दीची बाग नको. ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असेल तर गार वाऱ्याने हात आणि घसा झिणझिणतो, नंतर पाय बधिर होऊ शकतात, मग टेकडीची दगडांची वाट धोक्याची. 5-फ्लुरोयुरॅसिलमध्ये त्वचा उन्हाला हळवी होते. प्लेटलेट कमी असताना साधं पडणंही महागात पडतं. हाडात कॅन्सर पसरला असेल तर काय करायचं हे डॉक्टरच ठरवणार. आत्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सपाट रस्ता, सकाळची वेळ आणि बरोबर माणूस, एवढं सांगितलं. ती आणि काका कॉलनीतच फेऱ्या मारू लागले, आणि काकांचीच शुगर खाली आली, तो भाग वेगळा!

'बरोबर माणूस' यावर थोडं थांबू या. चॅलेंजमध्ये पहिले सहा महिने दर दोन आठवड्यांनी एक सल्लागार रुग्णाला भेटायचा. म्हणजे तपासलं गेलं ते नुसतं चालणं नव्हतं, चालणं अधिक कोणीतरी विचारणारं. आपल्या घरात ते काम बहुतेक वेळा नवरा, मुलगी, सून करते. यावर प्रपोजल लिहायचं असेल तर रँडमाइज कोणाला करणार, रुग्णाला की अख्ख्या कुटुंबाला? पुस्तिका मिळालेल्या घरातली माणसंही चालायला लागली तर दोन गटांतला फरक पुसट होणार, त्याचा हिशोब सॅम्पल साइझमध्ये आधीच धरावा लागेल. आणि हालचाल मोजणार कशी? प्रश्नावलीत "व्यायाम करता का?" विचारलं की आत्या "नाही" म्हणते, आणि त्याच सकाळी तिने बादलीभर कपडे धुऊन वाळत घातलेले असतात. कमरेला लावायचं अॅक्सेलरोमीटर हवं, निदान थोड्या जणांना तरी, म्हणजे प्रश्नावली किती चुकते ते कळेल. बजेटमध्ये तेवढी ओळ आत्ताच घाला.