निर्वाचित न्यायाधीश व मतदार

निर्वाचित न्यायाधीश म्हणजे मतदानाने न्यायासनावर बसविलेला किंवा मतदानाने त्या आसनावर कायम ठेवलेला न्यायाधीश. नियुक्त न्यायाधीशाची पारख त्याला नेमणारी यंत्रणा करते. निर्वाचित न्यायाधीशाच्या बाबतीत हे काम मतदाराकडे येते आणि तेच या पद्धतीचे सर्वांत अवघड अंग होय. विधानसभेचा उमेदवार रस्ता, पाणी, शाळा यांविषयी आश्वासने देऊ शकतो. न्यायाधीशपदाच्या उमेदवाराने अमुक एका पक्षकाराच्या बाजूने निकाल देईन असे म्हटले, तर त्या क्षणीच तो न्यायदानास अपात्र ठरतो. शिवाय प्रत्येक निकालाने एक पक्ष नाराज होतोच. त्यामुळे नाराज लोकांची संख्या मोजून न्यायाधीश चांगला की वाईट हे ठरत नाही.

भारतात जिल्हा न्यायाधीश राज्यपालाकडून उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने नेमले जातात (संविधान, अनुच्छेद २३३). त्याखालील न्यायाधीश स्पर्धा परीक्षेतून येतात. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील लवासा या डोंगरी वसाहतीविषयीचे पर्यावरण व दिवाळखोरीचे वाद २०१० नंतरच्या काळात मुंबई उच्च न्यायालय, राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण अशा न्यायपीठांपुढे चालले. त्या पीठांवर कोणी बसावे, यात मोसे खोऱ्यातील रहिवाशाच्या मताला स्थान नव्हते. तथापि लहानसहान तंट्यांपुरते न्यायकर्ते निवडणुकीने नेमण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात १९७५ पर्यंत होती, आणि ती या खोऱ्यातील खेड्यांनाही लागू होती.

तिची पाळेमुळे जुनी आहेत. मराठेशाहीत निवडणूक नव्हती. पक्षकारांची संमती मात्र होती. गावचा तंटा गोतसभेपुढे येई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार व आसपासचे जाणते लोक तीत बसत. सुनावणीपूर्वी वादी व प्रतिवादी राजीनामा लिहून देत. हा शब्द आज पदत्यागासाठी वापरला जातो. त्या काळी त्याचा अर्थ निवाडा मान्य करण्याची लेखी कबुली असा होता. स्थानिक गोत पक्षपाती आहे असे वाटल्यास पक्षकार दुसरे थळ, म्हणजे निवाड्यासाठी दुसऱ्या ठिकाणची सभा, मागू शके. निवाडा झाल्यावर महजर तयार होई व त्यावर उपस्थितांच्या निशाण्या उमटत. पाटलाची निशाणी बहुधा नांगराची असे. न्यायकर्त्याची पारख येथे जन्मभराच्या ओळखीवर आधारलेली होती आणि ती पटली नाही तर सुटकेची एक वाटही ठेवलेली होती. ही दुसरी गोष्ट पुढील काळात विसरली गेली असे दिसते.

१८१८ नंतर एल्फिन्स्टनने पंचायतीची पद्धत काही काळ टिकविली. पण १८२७ च्या मुंबई विनियमांनी कंपनीच्या अदालतींना प्राधान्य मिळाले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत किरकोळ दाव्यांसाठी ग्राम-मुन्सफ आणले, परंतु तेही सरकारनियुक्तच होते. १९३३ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात ग्रामन्यायपीठांची तरतूद झाली आणि १९५८ च्या अधिनियमाने न्यायपंचायतींची. संविधानाच्या चाळिसाव्या अनुच्छेदातील ग्रामपंचायतविषयक निदेशामुळे त्या काळी अशा संस्थांबद्दल उत्साह होता. केंद्रीय विधी मंत्रालयाने नेमलेल्या अभ्यासगटाने १९६२ मध्ये न्यायपंचायतींच्या बाजूने मत दिले व पंचांच्या प्रशिक्षणावर भर दिला.

न्यायपंचायत ही काही गावांच्या गटासाठी असे आणि तिचे पंच गटातील ग्रामपंचायती निवडून देत. म्हणजे गावकरी न्यायकर्त्याला थेट मत देत नव्हता. तो ग्रामपंचायतीच्या सदस्याला मत देई आणि ते सदस्य पंच ठरवीत. ज्या गटाचे ग्रामपंचायतीत बहुमत, त्याचाच माणूस न्यायपंचायतीवर जाण्याचा संभव त्यामुळे वाढला. पंचाची भावकी, जात, देणेघेणे, बांधावरची जुनी भांडणे हे सारे गावाला ठाऊक असे. पंच न्याय कसा करतो, हे मात्र सहसा कळत नसे. तो दोन्ही बाजू पुरत्या ऐकतो का, दाखला मागतो का, निकालाची कारणे लिहितो का, स्वतःच्या नातलगाचा दावा आल्यास बाजूला होतो का, याची नोंद मतदारापर्यंत पोहोचविणारी कोणतीही व्यवस्था नव्हती. खर्च वाचावा व कज्जेदलालीला आळा बसावा म्हणून न्यायपंचायतीपुढे वकिलांना मज्जाव होता. हेतू स्तुत्य होता. पण न्यायदानाकडे जाणकार नजरेने पाहणारा त्रयस्थही त्याबरोबर गेला. गावाचे हे अपयश अज्ञानाचे नव्हते. माणसाविषयी फार माहिती आणि त्याच्या कामाविषयी जवळजवळ काहीच नाही, अशी ती विषम स्थिती होती.

निवडणुकीवर अवलंबून असलेला पंच निःपक्ष राहू शकत नाही, तसेच गुंतागुंतीचे कायदे लावणे अप्रशिक्षितांना झेपत नाही, हे आक्षेप बळावले आणि १९७५ मध्ये महाराष्ट्राने न्यायपंचायतींचे प्रकरण अधिनियमातून वगळले. विधी आयोगाने १९८६ च्या ११४ व्या अहवालात न्यायाधीशासोबत दोन सामान्य नागरिक बसणारी ग्राम न्यायालये सुचविली. तेही निर्वाचित नव्हे, तर नामिकेतून निवडलेले. २००८ च्या ग्राम न्यायालय अधिनियमात हे नागरिकही उरले नाहीत. तेथील न्यायाधिकारी राज्य शासन उच्च न्यायालयाच्या विचारविनिमयाने नेमते.

मतदार खेड्याएवढे न राहता लक्षावधी झाले की अडचण उलट होते. उमेदवार ओळखीचाच नसतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मिसिसिपीने १८३२ मध्ये सर्व न्यायाधीश निवडणुकीने नेमण्यास आरंभ केला व इतर अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. पक्षनिष्ठ मतदानाचे दोष दिसल्यावर मिसूरीने १९४० मध्ये मध्यममार्ग काढला : समितीने सुचविलेल्यांतून राज्यपालाने न्यायाधीश नेमावा आणि काही काळाने ‘यास पदावर ठेवावे काय?’ एवढाच प्रश्न मतदारांपुढे यावा. मतदाराने हो किंवा नाही म्हणायचे, पण कशाच्या आधारावर, हे मात्र अनुत्तरितच राहिले. त्याचे उत्तर अलास्काने दिले. तेथील न्यायिक परिषद १९७६ पासून प्रत्येक न्यायाधीशाच्या कामाची पाहणी करून आपली शिफारस मतदारांसाठी प्रसिद्ध करते. वकील, पोलीस अधिकारी, ज्यूरीवर बसलेले नागरिक व न्यायालयीन कर्मचारी यांना त्यासाठी विचारणा होते. कायद्याचे ज्ञान, निःपक्षपणा, सचोटी, न्यायासनावरील वर्तन, कामाचा उरक अशा गोष्टी त्यांना विचारल्या जातात. निकाल त्यांना आवडला की नाही, हे विचारले जात नाही. अमेरिकन बार असोसिएशनने १९८५ मध्ये अशा मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. एखाद्या न्यायाधीशापुढे ज्याने एक दिवस ज्यूरीत काढला, त्याचे मत लाखो अपरिचितांच्या ऐकीव मतापेक्षा मोलाचे, हे या पद्धतीचे गृहीतक होय, आणि ते रास्त वाटते.

मात्र अशी माहिती नेहमीच प्रभावी ठरते असे नाही. कॅलिफोर्नियात १९८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती रोझ बर्ड व त्यांचे दोन सहकारी यांना मतदारांनी पदावरून दूर केले; प्रचाराचा रोख त्यांच्या मृत्युदंडविषयक निकालांवर होता. आयोवात २०१० मध्ये समलिंगी विवाहाविषयीच्या आदल्या वर्षीच्या निकालामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींची तीच गत झाली. मेक्सिकोने १ जून २०२५ रोजी ८८१ संघीय न्यायिक पदांसाठी थेट निवडणूक घेतली. मतदाराच्या हाती अनेक मतपत्रिका व त्यांवर अपरिचित नावांच्या लांबलचक याद्या आल्या. निवडलेल्या उमेदवारांचे क्रमांक त्याने चौकटीत लिहावयाचे होते. कोणते क्रमांक लिहावेत हे सांगणाऱ्या घडीच्या छापील चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, व त्यांना तेथे घडीमुळेच ‘अकॉर्डियन’ म्हणतात. मतदान सुमारे १३ टक्केच झाले.

भारतात थेट निवडणुकीने न्यायकर्ते नेमण्याची पद्धत बिहारच्या ग्राम कचहरीत आढळते. २००६ च्या बिहार पंचायत राज अधिनियमानुसार तिचे पंच व प्रमुख मतदारच निवडतात. या प्रमुखास तेथे सरपंच म्हणतात. ग्रामपंचायतीचा प्रमुख तो मुखिया. महाराष्ट्रातील वाचकाचा या शब्दाने घोटाळा होणे साहजिक आहे. १०,००० रुपयांपर्यंतचे दिवाणी दावे व किरकोळ फौजदारी प्रकरणे कचहरीपुढे येतात. तिला १,००० रुपयांपर्यंत दंड करता येतो, कारावास देता येत नाही. प्रथम तडजोड घडवून आणणे हे तिचे कर्तव्य आहे. साहाय्यास न्यायमित्र म्हणून विधी पदवीधर असतो, आणि पीठावर आपल्या विश्वासाचा एकेक पंच निवडण्याची मुभा दोन्ही पक्षांना आहे. गोतसभेपुढील राजीनाम्याची येथे आठवण होते. अलास्काप्रमाणे पंचांच्या कामाची पाहणी करून ती मतदारांसमोर ठेवण्याची सोय मात्र अधिनियमात नाही. २०२१ च्या निवडणुकीत मुखियासह चार पदांचे मतदान यंत्रावर झाले. सरपंच व पंच यांच्यासाठी कागदी मतपत्रिका आणि मतपेटीच वापरण्यात आली.