दुखणे डोक्याचे, मूळ थकलेल्या बिलात!

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय ४४. तक्रार जुनीच, डोकेदुखी आणि ॲसिडिटी. आधी दोनदा आले होते. दोन्ही वेळा गर्दीच्या गडबडीत मी गोळ्या लिहून दिल्या होत्या. या वेळी मात्र चेहरा पांढराफटक, चार पायऱ्या चढून धाप लागलेली. विचारले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, दोन दिवस संडास डांबरासारखी काळी होतेय."

पोटात रक्तस्राव होत असल्याची ही खूण. त्यांना तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात अल्सर सापडला, दोन बाटल्या रक्त द्यावे लागले. वेळेवर निभावले.

बरे होऊन आल्यावर मी पहिल्यांदाच विचारले, "तुम्ही काम काय करता?"

हे गृहस्थ घरी बसून लिहिण्याची कामे घेतात. कंपन्यांची माहितीपत्रके, जाहिरातींचा मजकूर, भाषांतरे, कुणाच्या पंचाहत्तरीची स्मरणिका. गिऱ्हाईक रात्री अकराला फोन करणार आणि सकाळी नऊला मजकूर मागणार. "थोडासाच बदल" म्हणत एकच पान सात वेळा लिहून घेणार. काम हाती पडले, की साहेब मीटिंगमध्ये! एकाने तर पाच महिने पैसे थकवले होते; वर "बसल्या बसल्या तर लिहायचं असतं" हा शेराही. बोलावे तर पुढचे काम जाणार. म्हणून राग गिळायचा आणि त्यावर डोकेदुखीची गोळी. तीही दुकानातून आणलेली, दिवसाला तीन-चार, चहाबरोबर.

वाचकहो, हे चक्र समजून घ्या. काळजी, जागरण आणि दाबलेला राग यांनी मानेचे व कपाळाचे स्नायू आखडतात. डोके पट्टा आवळल्यासारखे दुखते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी तात्पुरता आराम पडतो, पण त्या जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करतात. जेवून घेतल्या तरी धोका पूर्ण टळत नाही. त्यांनी रक्तदाब वाढू शकतो, मूत्रपिंडांवरही ताण येतो. शिवाय महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस अशा गोळ्या घेत राहिल्यास गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते!

त्या गोळ्या बंद केल्या, अल्सरचे औषध चालू ठेवले. पण दुसरे औषध केमिस्टकडे मिळणारे नव्हते. मी सांगितले, "काम घेतानाच कागदावर लिहून घ्या. मजकूर किती, फेरफार किती वेळा, पैसे कधी. काही रक्कम आगाऊ घ्या. रात्री नऊनंतर फोन बंद." माझ्या सी.ए. मित्राने त्यात भर घातली. 'उद्यम' नोंदणी केलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे २००६ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास व्याज मागता येते.

वहिनींनी ते अटींचे पत्रक मेजासमोर चिकटवले. एक गिऱ्हाईक त्यावरून रागावून गेले. घराला दोन महिने ओढाताण सोसावी लागली. बाकीच्यांनी कुरकुर करत अटी मान्य केल्या. आता त्यांचे डोके दुखत नाही असे नाही. पण आठवड्यातले सातही दिवस दुखत नाही, आणि झोप लागते.

शिंपी, रंगारी, फोटोग्राफर, शिकवण्या घेणारे, सर्वांनाच हे लागू आहे. मात्र संडास काळी होणे, रक्ताची उलटी किंवा घेरी आल्यास घरी थांबू नका. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण त्याचा निवाडा डॉक्टरांवर सोडा.

आणि दवाखान्यात गेल्यावर आपण कोणते काम करतो, दुकानातून कोणत्या गोळ्या घेतो, हे आपणहून सांगा. गर्दीत आमच्याकडून विचारायचे राहून जाते. माझ्याकडून दोनदा राहिले होते.